मागच्या आवारातला पाला

शिशिर सरता सरता आपल्या शाळेच्या मागच्या आवारात पिंपळ व शिरीषाच्या पानांचा थर साचतो. दर वर्षी तो झाडून, ढीग करून पेटवला जातो. यंदा तर तेथे फरशा घालाव्यात, अशी सूचना पालकसभेत आली. दोन्हींना आमचा विरोध आहे. ज्यांच्या बाजूने आम्ही बोलत आहोत त्यांना मराठीत धड नावही नाही.

गोम आणि पैसा आपण सारे ओळखतो. बेळगावचा पाऊस लागला की पैसा भिंतीवर चढतो आणि मुले काडी लावून त्याचे वेटोळे करतात. याच बहुपाद प्राण्यांचे आणखी दोन वर्ग मातीत राहतात : सिम्फायला आणि पॉरोपोडा. दोघेही फिकट, दोघांनाही डोळे नाहीत. सिम्फायला काही मिलिमीटर लांब; पूर्ण वाढ झाल्यावर पायांच्या १२ जोड्या, पण जन्मतः ६ किंवा ७. कात टाकता टाकता त्या वाढतात. पॉरोपोडा बहुधा दीड मिलिमीटरच्या आतला. तो प्रथम हेरला जॉन लबक यांनी, १८६६ साली इंग्लंडमधल्या आपल्या बागेत. हे गृहस्थ पेशाने बँकवाले, डार्विनचे शेजारी. तिकडचा बँकेच्या सुट्ट्यांचा १८७१ चा कायदा त्यांचाच!

पॉरोपोडा मुख्यतः बुरशीचे तंतू खातो, सिम्फायला कुजकी पाने (आणि खोटे कशाला बोला, कोवळी मुळेही). बुरशी, गांडुळे यांच्याबरोबर हेही पानांतले सत्त्व झाडाला परत मिळवून देण्यास हातभार लावतात. पण त्यांना माती उकरता येत नाही; गांडुळांच्या बिळांतून, मुळांलगतच्या फटींतून ते फिरतात. ओल गेली की संपले. पाला हे त्यांचे छप्परही आणि भाकरीही.

गेल्या पावसाळ्यात आठवीच्या मुलांनी बाटली कापून चाळणी केली, वर ओला पाला, त्यावर जुना तापणारा बल्ब, खाली ओला कागद. उजेड-उष्णता टाळत जीव खाली उतरतात. सकाळी भिंगाखाली एक सिम्फायला धावत होता. पाय १० जोड्या की ११, यावर दोन गट पडले.

सापांची भीती पालकांनी बोलून दाखवली, ती रास्त आहे. म्हणून ढीग नको, वीतभर उंचीचा पसरलेला थर हवा, तोही मुलांच्या वाटेपासून दूर, कुंपणालगत दहा फूट. बाकी आवार खुशाल झाडावे. जागा विश्वस्त मंडळाने येत्या सभेत ठरवावी. दोरी आणि खुंट्या प्रयोगशाळेत तयार आहेत.