लेक शिकून परत आली, तर तिला जागा आहे का?

मैत्रिणींनो,

या आठवड्याच्या टपालात कैरीच्या लोणच्याला बुरशी का येते इथपासून धाकट्या जावेशी कसं वागावं इथपर्यंत सगळं आहे. पण ती पत्रं पुढच्या खेपेला. आज एकच पत्र घेते. धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलंय. नाव देऊ नका असं त्या बाईंनी लिहिलंय, म्हणून देत नाही.

त्या लिहितात, "ताई, माझी मुलगी बी.कॉम. झाली, एकवीस वर्षांची आहे. तुळजापूरला दर्शनाला गेलं की कवड्यांच्या माळा दिसतात, त्या बघून लहानपणापासून तिला कवड्यांचं वेड. देवीची माळ ती करत नाही, ती वेगळी म्हणते. पण कवड्या, सुती दोरा आणि जुन्या इरकलीचे काठ घेऊन पर्स करते, गळ्यातलं करते, तोरणं करते. दोन नवरात्रांत बऱ्यापैकी खप झाला. आता परदेशातल्या एका प्रशिक्षणासाठी तिची निवड झालीय. पंधरा दिवसांचं आहे. देशोदेशीची तरुण मुलं-मुली एकत्र येऊन हातच्या कलेचा धंदा कसा करायचा ते शिकणार. राहणं-जेवण त्यांचं, विमानाचं तिकीट आपलं. घरात दोन तट पडलेत. मोठे भाऊजी म्हणतात, 'तेवढ्या पैशात एक दागिना होईल.' सासूबाई म्हणतात, 'कवड्या ओवायला विमानात कशाला बसायला लागतं?' आणि ह्यांचं काहीच म्हणणं नाही, म्हणजे नाहीच म्हणायचं. त्यातून एक चांगलं स्थळ सांगून आलंय, दिवाळीनंतर बघायला येणार आहेत. पोरगी रात्री रडते आणि सकाळी माझ्यासमोर हसते. मी काय करू?"

बाई, तुमच्या सासूबाईंचा प्रश्न मला फार आवडला. खरोखर, कवड्या ओवायला विमानात बसावं लागत नाही. ते तुमची लेक इथंच शिकली. मग तिथं काय शिकायचं? ते समजून घेतलं तर पुढचं सोपं होईल.

आधी एक हिशेब करून बघा. समजा, एका पर्सला साठ रुपयांचं सामान लागतं. पोरगी पाच तास बसते आणि पर्स एकशेवीसला विकते. आपण म्हणतो, दुप्पट झाले की! पण तिच्या तासाला चाळीस रुपये तरी धरा. पाच तासांचे दोनशे झाले. सामानासकट दोनशेसाठ. म्हणजे दर पर्समागं एकशेचाळीस रुपये ती पदरचे घालते. फुटक्या कवड्या आणि तुळजापूरचं एस.टी.चं भाडं अजून धरलंच नाही. आपल्या घरोघरच्या पापड-कुरडयांच्या धंद्यातही हेच होतं. बाईचा वेळ फुकट धरायचा, ही सवय आपल्याला आपणच लावून घेतली आहे.

चांगल्या प्रशिक्षणात हे शिकवतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 'स्टार्ट अँड इम्प्रूव्ह युअर बिझनेस' नावाचा अभ्यासक्रम आहे. मूळ स्वीडनमध्ये तयार झालेल्या पाठांवर तो बेतला आणि आज शंभराहून जास्त देशांत शिकवला जातो. त्यातला एक मूळ धडा आपल्याला ऐकून हसू येईल: घरचा डबा वेगळा आणि धंद्याचा डबा वेगळा. दुकानच्या गल्ल्यातून भाजीला पैसे काढले की धंदा कधी बुडाला ते कळतच नाही. बाकी माल कसा मांडायचा, गिऱ्हाइकाला काय हवंय ते कसं ओळखायचं, एकाच कल्पनेतून दहा वस्तू कशा काढायच्या, हे सगळं असतंच. पण परक्या देशातल्या मुलांशेजारी बसून शिकताना आणखी एक गोष्ट घडते. आपल्याला रोजची म्हणून दिसेनाशी झालेली वस्तू दुसरा हातात घेऊन निरखतो, तेव्हा ती आपल्यालाही नव्यानं दिसते.

आणि परदेश तुमच्या जिल्ह्याला काही नवा नाही हो! तुमच्या तेरलाच बघा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात 'तगर' म्हणून ज्या बाजारपेठेचं नाव येतं, ते हे तेर. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जायचं आणि तिथून जहाजानं पश्चिमेकडे. तेरला एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, तशीच एक थेट इटलीतल्या पॉम्पेई शहराच्या अवशेषांत मिळाली. तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात सासूबाईंना एकदा घेऊनच जा. गोरोबाकाकांचं दर्शनही होईल.

एवढी जुनी गोष्ट कशाला, तुमच्याच पिढीतली सांगते. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट तुमच्या भागात कोण विसरेल? अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं निजली ती कित्येक पुन्हा उठली नाहीत. किल्लारी, सास्तूर, गावंच्या गावं ढिगाऱ्याखाली गेली. त्या भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनं लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या बायकांना घरबांधणीच्या कामात पुढं आणलं. चूल-मूल सांभाळणाऱ्या बायका पाया किती खोल हवा ते बघू लागल्या, सरकारी साहेबांशी बोलू लागल्या.

पुढं १७ ऑगस्ट १९९९ला तुर्कस्तानात तसाच मोठा भूकंप झाला. तिथं बायकांच्या एका संस्थेनं उघड्यावर आलेल्या आयाबायांसाठी आणि मुलांसाठी केंद्रं काढली होती. या बायका आणि आपल्या मराठवाड्यातल्या बायका एकमेकींना भेटल्या. ना यांना तुर्की येत होती, ना त्यांना मराठी. पण घर पडल्यावर बाईनं पुन्हा कुठून सुरुवात करायची, हे त्या एकमेकींना सांगू शकल्या. २६ जानेवारी २००१ला गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या बायका तिकडच्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या.

त्यांच्याजवळ इंग्रजी नव्हतं, पदवी नव्हती. स्वतः करून पाहिलेलं काम मात्र होतं, म्हणून त्या शिकल्याही आणि शिकवूनही आल्या. ही शिदोरी असली की परदेशात माणूस बावरत नाही. पुढं याच कामातून गावोगावी बायकांचे छोटे धंदे उभे राहिले. २०१६ साली या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तुळजापूर तालुक्यातल्या गोदावरी डांगे यांनी बायकांच्या हातात घरापुरती एक एकर शेती द्यायचा विचार गावागावांत नेला आणि तो परदेशांतही जाऊन सांगितला. हिंगळजवाडीच्या कमल कुंभार यांनी बांगड्या विकण्यापासून सुरुवात केली, मग कोंबड्या, शेळ्या असं वाढवत नेलं. त्यांना २०२१ सालचा नारीशक्ती पुरस्कार राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला. प्रेमाताई २०२२ मध्ये गेल्या, पण काम चालू आहे.

तुमच्या लेकीजवळ दोन नवरात्रांचा अनुभव आहे. म्हणजे शिदोरी आहे. माझं मत विचाराल, तर पाठवा. पण त्याआधी माझी एक चूक सांगते. बरीच वर्षं मनात ठेवली होती.

माझ्या धाकट्या नणंदेची मुलगी शिकायला आमच्याकडे होती. हाताची फार कसबी. कापडावर ठसे उमटवायची कला शिकायला महिनाभर परदेशी जायची तिला संधी आली. आम्ही सगळ्यांनी कौतुकानं पाठवलं, स्टेशनवर पेढे वाटले. पोरगी महिन्यानं आली ती डोळ्यांत नवं तेज घेऊन. पिशवीभर लाकडी ठसे आणले होते. मला म्हणाली, "मामी, मागची पडवी मला देशील? एक लांब टेबल टाकते." मी म्हटलं, दिवाळी होऊ दे. दिवाळीनंतर पाहुणे आले. मग गव्हाची पोती आली, ती पडवीतच रचली. मग तिची परीक्षा, मग लग्न. ठसे वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेले. गेल्या वर्षी माळा साफ करताना ते सापडले. मी तिला फोन केला. क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "टाकून दे गं मामी आता."

मी टाकले नाहीत. पण काय उपयोग? आम्ही तिला पाठवलं आणि परत घ्यायला मात्र विसरलो. जाताना हार घातला, आल्यावर पडवी दिली नाही.

म्हणून बाई, जायच्या तयारीआधी परतीची तयारी करा. लेक यायच्या आधी घरातली एक जागा रिकामी करा, मग ती जिन्याखालची का असेना. तिथं दुसरं काही ठेवायचं नाही. आठवड्यातले ठरावीक दिवस दुपारी बारा ते पाच ती कामावर आहे असं समजायचं, म्हणजे आल्यागेल्याच्या चहाला तिला हाक मारायची नाही. पहिल्या सहा महिन्यांच्या मालासाठी थोडे पैसे बाजूला ठेवा. एक वही घाला. तिकिटाचे पैसे त्या वहीत पहिल्या पानावर तिच्या नावे उसने म्हणून लिहा आणि विक्रीतून तिनं थोडे थोडे फेडावेत. भाऊजींना सांगा, दागिना कपाटात बसून राहतो, हे भांडवल हिंडून येईल. मात्र एक. तिकिटासाठी काही गहाण टाकावं लागणार असेल, तर यंदा नको. कर्जाचं ओझं डोक्यावर घेऊन गेलेली मुलगी मोकळेपणानं शिकत नाही.

आता चार व्यवहाराच्या गोष्टी, सगळ्याच आयांनी लक्षात ठेवाव्यात अशा.

निवडीचं पत्र नीट वाचा. तारखा, पत्ता, खर्च कोण करणार, विमा कोण उतरवणार, हे सगळं लेखी हवं. त्या संस्थेकडून आधी जाऊन आलेल्या दोघांचे नंबर मागून घ्या आणि फोन करून बोला. निवड झाल्यावर कुणी 'प्रवेश पक्का करायला' एखाद्या माणसाच्या खाजगी खात्यात पैसे भरा म्हणालं, तर तिथंच थांबा. "आधी फिरायला म्हणून व्हिसा काढा, पुढं काम बघू," असं कुणी सुचवलं, तर त्या वाटेला जाऊच नका. पासपोर्ट दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्यायचा नाही, आणि परतीचं तिकीट निघण्याआधी हातात हवं. त्या देशातल्या भारतीय वकिलातीचा फोन नंबर लेकीच्या पर्समध्ये कागदावर लिहून ठेवा. मोबाईलची बॅटरी संपते, कागद संपत नाही.

पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा. साध्या पासपोर्टची फी दीड हजार रुपये आहे. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते बघा. तुमच्याकडे जुन्या दाखल्यांवर उस्मानाबाद असणार आणि २०२३ नंतरच्यांवर धाराशिव. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण अर्ज भरताना काय लिहायचं ते आधी विचारून घ्या.

ज्यांच्या मुलामुलींना परदेशाचं पत्र आलेलं नाही, त्यांनी हिरमुसू नये. ग्रामीण भागातल्या तरुणांसाठी बँकांच्या मदतीनं जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था चालतात. शिकणं, राहणं, जेवण फुकट. कर्नाटकातल्या उजिरे गावी १९८२ साली अशी पहिली संस्था निघाली, तिच्यावरून या निघाल्या. धंद्याच्या कर्जाला अनुदान हवं असेल, तर मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा. मुलांना स्वतः जाऊ द्या. साहेबासमोर बसून आपलं काम सांगणं हेही शिक्षणच आहे.

राहता राहिलं ते स्थळ. त्यांच्यापासून लपवू नका. आजच निरोप पाठवा की मुलगी पंधरा दिवस शिकायला जाणार आहे आणि आल्यावर धंदा करणार आहे. त्यावर ते काय म्हणतात ते कान देऊन ऐका. मुलीसाठी पंधरा दिवस थांबता येत नसेल, तर त्या घरात तिच्या कवड्या कुठल्या माळ्यावर जातील, हे तुम्हाला आत्ताच कळेल. आणि थांबले, तर माणसं चांगली आहेत असं समजा.

ह्यांच्याशी मात्र तुम्हीच बोला. रात्री जेवणं झाल्यावर त्या पर्सचा हिशेब त्यांच्यापुढं मांडा, दोनशेसाठ आणि एकशेवीसचा. गप्प बसणारी माणसंही आकड्यांपुढं बोलतात, असा माझा अनुभव आहे. आणि सासूबाईंना सांगा, ओवणं हिला येतं, आता मोजायला शिकून येईल.

लेक परत आली की मला कळवा. ती जागा रिकामी ठेवलीत का, हे मी आधी विचारणार आहे.

तुमची,
ताई