तांब्या आवरा

आमच्या इमारतीत या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरचा मनी प्लांट गेला. शेजारच्या काकूंचं निदान असं, की तो पैसे मोजून आणलेला, चोरून नाही, म्हणून लागला नाही. काकूंचा मान राखून सांगतो, तो बुडून मेला. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, पानं पिवळी पडतात. आणि पिवळं पान दिसलं की आपण घाईघाईने आणखी एक तांब्या ओततो! बोट दोन पेरं मातीत खुपसावं, कोरडं लागलं तरच पाणी घालावं, बशीत साचलेलं फेकून द्यावं. हा वेल मूळचा ताहितीशेजारच्या मूरिया बेटावरचा, झाडांवर चढणारा. आपल्याकडेही नारळावर चढला की सुपाएवढी पानं काढतो. त्याला खिडकीजवळचा उजेड हवा, भर उन्हाचा मारा नको. ‘हवा शुद्ध करतो’ म्हणून त्याला टीव्हीमागे कोंडणाऱ्यांनी ऐकावं : नासाचा १९८९चा प्रयोग बंद पेटीत झाला होता, आणि २०१९च्या फेरतपासणीनुसार इमारतीत एरवी खेळणाऱ्या हवेची बरोबरी करायला चौरस मीटरमागे किमान १० झाडं लागतील. त्यापेक्षा खिडकी उघडा. आणि चोरायचाच असेल तर पेर असलेला तुकडा चोरा. नुसत्या पानाला मुळं फुटतील, वेल फुटणार नाही. काकूंनाही हे सांगितलंय. त्यांची नजर आता दुसऱ्या मजल्यावर आहे.