डोळ्यांच्या ड्रॉप्सच्या नावापुढचा 'डी' वाचलात का?

पावसाळ्यात डोळे आले की ओतूर काय, जुन्नर काय, पहिला थांबा मेडिकल दुकान. 'डोळे लाल झालेत, ड्रॉप्स द्या' एवढे सांगितले की बाटली हातात पडते. जुलै २०२३ मध्ये आळंदीत आणि पाठोपाठ राज्यभर डोळ्यांची साथ आली, तेव्हाही हेच चालले होते. अशी साथ बहुतेक वेळा विषाणूंमुळे येते आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालतच नाही. आठवडा-दोन आठवड्यांत डोळे आपोआप बरे होतात. श्रेय मात्र बाटलीला मिळते.

एवढ्यावर भागले असते तर पैसे वाया गेले म्हणून सोडून देता आले असते. पण नावापुढे 'डी' किंवा 'डेक्स' असेल, तर बहुधा अँटिबायोटिकसोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइडही त्यात असते. त्याने लाली झटपट उतरते, म्हणून लोक तीच बाटली पुन्हा मागतात.

आपल्याकडे डोळा लाल व्हायला साथच लागते असे नाही. उसाची पात लागते, बाजरीचे कुसळ जाते, कांदा भरताना माती उडते. बुबुळावर ओरखडा पडला की त्यातून बुरशी शिरू शकते. बुरशीवर अँटिबायोटिक निरुपयोगी, आणि स्टेरॉइड तर तिला रान मोकळे करून देते. मग डोळ्यात फूल पडते, नजरही जाते.

गंमत अशी, की याच ओरखड्यावर साधे मलम वेळेत लावले तर डोळा वाचतो. नेपाळमधल्या भक्तपूरमध्ये गावातल्या आरोग्यसेवकांनी ओरखडा पडलेल्यांना क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस दिले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत १८ तासांच्या आत मलम सुरू केलेल्या एकालाही बुबुळाचा व्रण झाला नाही.

कानाचेही असेच. कान फुटून पाणी येत असेल तर पडद्याला छिद्र असू शकते. अशा वेळी जेंटामायसिन, निओमायसिनचे थेंब आत उतरून ऐकू येणेच कमी करू शकतात. कोमट तेल तर नकोच. आणि कानाचे थेंब डोळ्यात कधीही टाकू नका.

कायदा आहे. २०१४ पासून लागू झालेल्या 'एच-१' यादीत मॉक्सिफ्लॉक्सॅसिन आहे. त्वचेवर लावायच्या औषधांना या यादीतून सूट आहे, डोळे-कान-नाकाच्या औषधांना नाही. चिठ्ठीशिवाय विक्री करायची नाही, शिवाय डॉक्टर आणि रुग्णाचे नाव रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षे ठेवायचे. तुमचे नाव कोणी कधी लिहून घेतले?

तरी सगळा दोष दुकानदाराच्या माथी मारणे मला पटत नाही. रोजंदारीवरच्या माणसाला लाल डोळ्यासाठी नारायणगाव गाठायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवणे. म्हणून आशाताईंना ओरखडा ओळखायला शिकवा आणि त्यांच्या पिशवीत मलमाची ट्यूब द्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात फ्लुरेसीनची पट्टी ठेवा. तिने डोळा रंगवून निळ्या उजेडात पाहिला की ओरखडा हिरवा चमकतो. बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, उजेड सहन होईना किंवा दुखणे वाढले, तर मात्र त्याच दिवशी नारायणगावचे मोहन ठुसे नेत्र रुग्णालय किंवा जवळचा नेत्रतज्ज्ञ गाठा. जाताना घरातली उरलेली बाटली सोबत न्या; आधी डोळ्यात काय टाकले हे डॉक्टरांना कळायला हवे.