शोधनिबंध कोणासाठी?

इच्छादेवीच्या टेकडीखालचा रस्ता एकीकडे बऱ्हाणपूरवरून इंदूरला जातो, दुसरीकडे मुक्ताईनगरकडे. दुखणे मोठे असले की इच्छापूरचा माणूस यातली एक वाट धरतो. तिथला डॉक्टर जे औषध लिहून देतो, त्यामागे एखाद्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेले संशोधन असते. रुग्णाला त्या नियतकालिकाचे नावही ठाऊक नसते. पण त्यात खोटे छापले गेले तर भोगतो तोच.

आणि खोटे छापले जाते. विद्यापीठांनी शिफारस केलेली, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यता यादीतली 1009 नियतकालिके डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तपासली. हा अभ्यास 2018 मध्ये ‘करंट सायन्स’ने छापला. 34.5 टक्के नियतकालिकांचा पत्ता, संकेतस्थळ किंवा संपादकांची नावे यांसारखी प्राथमिक माहितीच चुकीची होती किंवा मिळत नव्हती. अध्यापकांच्या बढतीसाठी निबंध मोजले जातात, वाचले जात नाहीत. म्हणून पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांचा धंदा चालतो. पुढे पुणे विद्यापीठाच्या साह्याने विश्वासार्ह नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली. फेब्रुवारी 2025 मध्ये आयोगाने तीही बंद केली. नियतकालिक पारखण्याचे काम आता संस्थांवर आले आहे. ज्या महाविद्यालयाला आपल्याच अध्यापकांच्या निबंधांची संख्या फुगवून दाखवायची आहे, ते ही पारख कठोरपणे करील, यावर आमचा विश्वास नाही.

चांगल्या नियतकालिकाचीही फसगत होते. मुंबईत 1993 मध्ये सुरू झालेले ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ वैद्यकीय नीतीसाठी झटणारे. 2018 मध्ये त्याने एक लेख छापला: स्वीडनमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग वाढण्यामागे त्याच कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस असू शकते, असे सुचवणारा. लेखकाने आपली म्हणून सांगितलेली स्टॉकहोमची कॅरोलिन्स्का संस्था म्हणाली, हा माणूस आमचा नाही. त्याचे नावही खोटे निघाले. संपादकांनी आधी दुरुस्ती करून लेख ठेवला. हा निर्णय चुकला, असे आम्हाला वाटते. लशीविषयी भीती पेरणाऱ्या लेखाला एक दिवसही जास्त देणे परवडत नाही. पण त्यांनी लेख मागे घेतला आणि चूक उघड मान्य केली, हेही तितकेच महत्त्वाचे. गोवराच्या लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा वेकफील्डचा 1998 चा निबंध मागे घ्यायला ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला 12 वर्षे लागली. तोवर कितीतरी आईबापांनी गोवराची लस टाळली.

आमच्या भागाला रुग्णाच्या संमतीचा प्रश्न अधिक जवळचा आहे. औषधचाचण्यांतल्या रुग्णांसाठी इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. 2013 मध्ये न्यायालयाने संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण करण्याचा आदेश दिला. घरी निमाडी, कोरकू किंवा खानदेशी मराठी बोलणाऱ्या बाईला कागदावर अंगठा उमटवण्यापूर्वी तिच्या बोलीत काय सांगितले, हे संपादकांनी विचारलेच पाहिजे. नीती समितीच्या मंजुरीचा क्रमांक निबंधाखाली छापला की काम संपले, असे मानणारे संपादक कमी नाहीत. चाचणी सुरू होण्यापूर्वी तिची नोंद झाली होती का? पैसा कोणाचा होता? ज्या ज्येष्ठांचे नाव लेखकांत आहे, त्यांनी काम केले का? उत्तरे मिळेपर्यंत निबंध छापू नये. आणि निवड समितीने अध्यापकाकडून निबंधांची यादी न मागता त्याचे सर्वांत चांगले दोन-तीन निबंध मागावेत, ते वाचावेत, आणि त्यातल्या रुग्णांविषयी त्याला समोर बसवून विचारावे.