थरमंड यांची चोवीस तासांची बडबड

२८ ऑगस्ट १९५७ च्या रात्री साऊथ कॅरोलिनाचे सिनेटर स्ट्रॉम थरमंड अमेरिकेच्या सिनेटमध्ये बोलायला उभे राहिले, ते दुसऱ्या रात्री खाली बसले. २४ तास १८ मिनिटे! कशासाठी? कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराला संरक्षण देणारे विधेयक अडवण्यासाठी. सांगण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा महाशयांनी राज्याराज्यांचे निवडणूक कायदे वाचून दाखवले. विधेयक मंजूर झालेच. एकट्याने बोलण्याचा विक्रम मात्र २०२५ पर्यंत त्यांच्या नावावर राहिला. तो मोडला कोरी बुकर या कृष्णवर्णीय सिनेटरने!

थरमंड १९४७ ते १९५१ साऊथ कॅरोलिनाचे गव्हर्नर होते. (तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपल्या राजभवनातला राज्यपाल नव्हे. तो लोकांनी निवडलेला, मुख्यमंत्र्याच्या तोडीचा सत्ताधारी.) १९४७ मध्ये विली अर्ल या कृष्णवर्णीय तरुणाला गोऱ्या जमावाने तुरुंगातून ओढून नेऊन ठार मारले, तेव्हा आरोपींवर खटला चालवण्याचा आग्रह याच गव्हर्नरांनी धरला होता. गोऱ्या ज्युरीने सगळ्यांना सोडून दिले, ही गोष्ट वेगळी. पण १९४८ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी नागरी हक्कांचा कार्यक्रम मांडला आणि या उदार गृहस्थांचे पित्त खवळले. वेगळ्या पक्षातर्फे ते अध्यक्षपदाला उभे राहिले, दक्षिणेतली चार राज्ये जिंकली. घोषणा होती ‘राज्यांचे हक्क’. कसले हक्क? काळ्या माणसाला दूर ठेवण्याचे!

१९५४ मध्ये मतपत्रिकेवर नाव नसताना मतदारांनी हाताने नाव लिहून त्यांना सिनेटवर पाठवले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर डेमोक्रॅटिक पक्ष सोडून ते रिपब्लिकन झाले.

आणि वर्णशुद्धीच्या या पहारेकऱ्याला १९२५ मध्येच एक मुलगी झाली होती. आई कॅरी बटलर, वय १६, थरमंड कुटुंबाच्या घरी राबणारी कृष्णवर्णीय मोलकरीण. मुलीला ते गुपचूप भेटत, पैसे देत. जगापुढे बाप म्हणून कधी उभे राहिले नाहीत. गोऱ्या-काळ्यांच्या विवाहाला त्या राज्याच्या संविधानातच बंदी होती. ते कलम निघाले १९९८ मध्ये. बंदी लग्नाला होती, मोलकरणीच्या देहाला नव्हती. दिवसा पाणवठ्यावर होणारा विटाळ रात्री कुठे जात असे, हे ज्यांच्या आया-आज्यांनी सोसले, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

पुढे १९७१ मध्ये थरमंड यांनी कार्यालयात कृष्णवर्णीय सहायक नेमला. १९८२ मध्ये मतदान हक्क कायद्याच्या मुदतवाढीला मत दिले, १९८३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीच्या सुट्टीलाही. याला हृदयपरिवर्तन म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्हाला ते पटत नाही. जुन्या पापाची उघड माफी त्यांनी कधी मागितली नाही. बदलले होते ते मतदार. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने कृष्णवर्णीयांची नावे यादीत आली आणि निवडून यायचे तर त्यांच्या दारातून जाणे भाग झाले. जी मतपेटी रोखण्यासाठी ते २४ तास बोलले, तिनेच त्यांना वाकवले.

जून २००३ मध्ये शंभरीत त्यांचे निधन झाले. डिसेंबरमध्ये एसी मे वॉशिंग्टन-विल्यम्स या ७८ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेने जाहीर केले, मी त्यांची मुलगी. कोलंबियातल्या विधानभवनाच्या आवारात थरमंड यांचा पुतळा आहे. त्यावर अपत्ये ‘चार’ असे कोरलेले होते. २००४ मध्ये त्या ‘चार’चे ‘पाच’ करून एसी मे यांचे नाव कोरण्यात आले.