एकास चौसष्ट

मॉलमधले खेळण्यांचे दुकान उघडले की पहिल्या पाच मिनिटांत शिरणारी गिऱ्हाइके नेहमीच लहान नसतात. चाळिशी-पन्नाशीची माणसे सरळ धातूच्या छोट्या गाड्यांच्या मांडणीकडे जातात आणि खुंट्यांवर लटकलेली पाकिटे एकेक करून मागे सारत राहतात. एकास चौसष्ट या प्रमाणात साडेचार मीटरची पोर्श ९११ जेमतेम सात सेंटिमीटरची होते. ती घेऊन गृहस्थ घरी पोचले की, ‘आता तरी मोठे व्हा,’ हे ऐकावे लागते. अलीकडे या टोमण्याला ‘डॉक्टरला दाखवा’ अशी पुस्तीही जोडली जाते. बहुतेकांना त्याची गरज नसते. काहींना मात्र खरोखर असते, आणि नेमके कोणाला, हे घरच्यांना ओळखता आले पाहिजे.

या गाड्या मुळात मुलांच्याच. लंडनच्या लेस्नी कंपनीतल्या जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे आणायला परवानगी होती. म्हणून त्यांनी एक चिमुकला रोडरोलर बनवला आणि १९५३मध्ये त्यातून ‘मॅचबॉक्स’ मालिका सुरू झाली. अमेरिकेत मॅटेलने १९६८मध्ये ‘हॉट व्हील्स’ आणली, तीही कॉर्व्हेट, कमॅरो, मस्टँग अशा वेगवान गाड्यांचीच. त्या गाड्यांनी खेळलेली मुले आता आजोबा झाली आहेत. लहानपणी जी मिळाली नाही ती गाडी पेन्शनच्या पैशांतून घेत असतील, तर त्यात रोग शोधू नये.

साठवणुकीचा विकार वेगळा. २०१३मध्ये अमेरिकी मनोविकार वर्गीकरणाने त्याला स्वतंत्र निदान म्हणून मान्यता दिली. त्यात माणूस काहीही टाकून देऊ शकत नाही, टाकायच्या कल्पनेनेच कासावीस होतो. पलंग, ओटा, न्हाणीघर वस्तूंखाली गाडले जाते. संग्राहकाचे अगदी उलट. त्याच्याकडे काचेचे कपाट असते, यादी असते, दुहेरी आलेली गाडी तो बदलून घेतो आणि पाहुण्याला दाखवताना त्याचा चेहरा खुलतो. साठवणूक करणारा दारात आलेल्या पाहुण्याला आत घेत नाही. घरच्यांसाठी ही एक खूण पुरेशी बोलकी आहे.

मेंदूतही हा भेद दिसतो. २००५मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात स्टीव्हन अँडरसन आणि दमासिओ दांपत्य यांनी मेंदूच्या एखाद्या भागाला इजा झालेल्या ८६ जणांचा अभ्यास मांडला. त्यांपैकी १३ जण इजेनंतर निरुपयोगी वस्तूंचे ढीग रचू लागले होते. त्या सर्वांमध्ये कपाळामागच्या भागाच्या आतल्या, मध्यरेषेलगतच्या बाजूला इजा आढळली. गोळा करण्याची ओढ मेंदूच्या जुन्या, खोल भागांत असते; लगाम पुढच्या भागाच्या हाती असतो, असा त्याचा अर्थ लावला गेला.

या लगामाची परीक्षा आजचा बाजार रोज घेतो. १९९५पासून ‘ट्रेझर हंट’ नावाच्या दुर्मीळ गाड्या नेहमीच्या गाड्यांच्या खोक्यात मिसळून येऊ लागल्या. सुरुवातीला प्रत्येक नमुन्याच्या फक्त १० हजार. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसले होते की, डोपामिन स्रवणाऱ्या पेशी अपेक्षित बक्षिसाने फारशा उत्तेजित होत नाहीत, अनपेक्षित बक्षिसाने होतात. खोक्यात दुर्मीळ गाडी असेल की नसेल, हे माहीत नसण्यातच सगळी गोडी. लॉटरीवाल्याला हे प्रयोगाशिवाय ठाऊक होते. खोकीच्या खोकी उचलून चौपट-पाचपट भावाने विकणारे पुढे त्याच गोडीवर जगतात. अशा वस्तूला ‘खेळणे’ म्हणून दहा वर्षांच्या मुलाला विकणे योग्य आहे का, याची चर्चा आपल्याकडे झालेली नाही. व्हायला हवी.

मुलांबाबत दुसरी काळजी रंगाची. २००७मध्ये ‘कार्स’ चित्रपटातल्या ‘सार्ज’ या पात्राच्या सुमारे ४ लाख ३६ हजार धातूच्या गाड्या रंगातल्या शिशामुळे मॅटेलला परत मागवाव्या लागल्या. शिशाची सुरक्षित पातळी अशी ठरलेलीच नाही, आणि पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्यांच्या चार-पाचपट हिस्सा मुलाचे शरीर शोषून घेते. १ जानेवारी २०२१पासून भारतात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. मुंबईच्या चोरबाजारातून आणलेल्या साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या गाडीवर ते कुठून असणार? ती आजोबांच्या कपाटात शोभते. दात येऊ लागलेल्या नातवाच्या तोंडात नव्हे. जुना रंग खरवडून गाडी नव्याने रंगवणाऱ्या हौशींनी कोरडा पॉलिशपेपर स्वयंपाकघरात चालवू नये. ती धूळ साऱ्या घराने खाल्ली असे होते. गंमत म्हणजे शिसे या गाड्यांनाही सोसत नाही. जस्ताच्या मिश्रधातूत ते अगदी किंचित मिसळले तरी धातू आतून तडकतो. युद्धापूर्वीच्या कित्येक डिंकी गाड्या कपाटात बसल्या बसल्या अशाच भुगा झाल्या.

मात्र ज्याला खरोखर डॉक्टरकडे न्यायला हवे, तो माणूस वेगळाच. वय साठीच्या पुढे, उभा जन्म हिशेबी, कधी चैनीची वस्तू घेतली नाही. हाताला कंप सुटला, पार्किन्सनचे निदान झाले, गोळ्या सुरू झाल्या. सहा-आठ महिन्यांत कुरियरवाला रोज दारात. गाड्यांची खोकी न फोडता पलंगाखाली जातात, रात्री दोन वाजता मोबाइलवर बोली लावली जाते, मुदत ठेव मोडलेली मुलाला फार उशिरा कळते. घरचे म्हणतात, म्हातारपणी चळ लागला. तो चळ बहुधा गोळीचा असतो. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल ही औषधे मेंदूत डोपामिनसारखे काम करतात. हालचाल सुधारतात, पण काहींचा लगाम सैल करतात. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३,०९० पार्किन्सन रुग्णांच्या अभ्यासात १३.६ टक्के रुग्णांत जुगार, अतिखाणे, अनावर खरेदी किंवा अनावर कामेच्छा यांपैकी काहीतरी आढळले. एकट्या खरेदीचे प्रमाण ५.७ टक्के होते. रात्री पाय अस्वस्थ होतात म्हणून हीच औषधे घेणाऱ्यांतही हे घडते.

हे रुग्ण स्वतःहून सांगत नाहीत. लाज वाटते, शिवाय गोळी आणि गाडी यांचा संबंध कोणाच्या डोक्यात येणार! सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णामागे मोजकी मिनिटे मिळतात. त्यांत कंप, चालणे आणि बद्धकोष्ठता विचारून होते आणि पुढचा केसपेपर समोर येतो. औषध लिहून देतानाच हा धोका रुग्णाला आणि सोबत आलेल्याला सांगणे, आणि पुढच्या प्रत्येक भेटीत ‘घरात नवीन काय काय येऊ लागले आहे?’ असे सोबतच्या माणसाला विचारणे, एवढे तरी झाले पाहिजे. घरच्यांनी भीतीपोटी गोळी एकदम बंद करू नये. त्याने अंग आखडते, अस्वस्थता आणि नैराश्य येते. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात किंवा औषध बदलतात, आणि बऱ्याच जणांची ओढ त्यानंतर ओसरते. तोवर डेबिट कार्ड मुलाकडे ठेवायचे, आणि पलंगाखालच्या खोक्यांवरून आजोबांना बोलायचे नाही.