यादीत ताई वर, तरी साहेब तेच

नोकरीला लागलो तेव्हा आम्ही चौघे एकाच पदावर होतो. पगारश्रेणीही एकच. पण आठवडाभरात कळलं की चौघांतला एक जण ‘सर’ आहे. तो दोन वर्षं आधी लागला होता, एवढंच. माझ्या टेबलावर फाइल टाकून ‘संध्याकाळपर्यंत करून दे’ म्हणायचा, मी करून द्यायचो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कचेरीची पायरी कामासाठी चढलं नव्हतं. ज्येष्ठता वेगळी आणि अधिकार वेगळा, हे सांगणार कोण?

पुढे आमच्यातल्या एक ताई आरक्षणातून वरच्या पदावर गेल्या. वर्षभराने सरही त्याच पदावर पोचले. म्हणजे पद समान, आणि यादीत ताई वर. दोन वर्षांच्या ज्येष्ठतेवर राज्य केलेले सर आता म्हणू लागले, ‘यादी काय, कागदावरची गोष्ट.’ ताईंना ‘मॅडम’ म्हणायला कुणाची जीभ वळेना. साहेब रजेवर गेले की प्रभार सरांकडेच.

हा एका कचेरीतला हलकटपणा असता तर लिहिलं नसतं. 1995 मध्ये वीरपाल सिंग चौहान प्रकरणात आणि 1999 मध्ये अजित सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व उचलून धरलं: मागून बढती मिळालेला खुल्या वर्गातला कर्मचारी त्या पदावर आला की आपली जुनी ज्येष्ठता परत मिळवतो. आधी पोचलेला मागे जातो. संसदेने 2001 च्या 85 व्या घटनादुरुस्तीने ते बदललं आणि 17 जून 1995 पासून लागू केलं. मग 2006 च्या नागराज निकालाने आकडेवारीची अट घातली. कर्नाटकचा कायदा 2017 मध्ये त्याच अटीवर पडला, याद्या नव्याने लावायचे आदेश निघाले. आकडेवारी गोळा करून केलेला नवा कायदा 2019 मध्ये टिकला. सेवाज्येष्ठता पवित्र असते, पण ती आपल्या बाजूने आली की तिला पुरावे मागितले जातात.

एक कबुली देतो. गेल्या वर्षी नवा मुलगा आला, आपल्यातलाच. मीही त्याला ‘अरे’ म्हणून फाइल सरकवली.

तर नव्याने लागलेल्यांनो, समान पदावरच्या माणसाचं ऐकायचं की नाही, हे कामवाटपाच्या लेखी आदेशात बघा. केंद्राच्या सेवेत एकाच भरतीतून आलेल्यांची ज्येष्ठता निवड यादीतल्या क्रमाने लागते, रुजू तारखेने नाही. बिंदुनामावली जागा मोजायला असते. तिच्यातला क्रमांक दाखवून कुणी तुम्हाला खाली ढकलत असेल तर ऐकू नका. तात्पुरती ज्येष्ठता यादी निघते तेव्हा हरकतीची मुदत थोडी असते. ताईंनी ती भांडण नको म्हणून दोनदा जाऊ दिली होती. तिसऱ्यांदा अर्ज लिहिला आणि आवक क्रमांक घेऊनच टेबलावरून उठल्या.